त्या चार दिवसांबद्दल

जळगाव, ज्येष्ठ शुद्ध पंचमी

माझ्या पोरी,



परवा फोनवर तू एक प्रश्न विचारलास. "आई, किती दिवस?" मी म्हटलं, "सात महिने अकरा दिवस." तू गप्प झालीस. मागे तुमच्या हॉस्टेलमधल्या पोरींचा गलका चालला होता, कुणाची तरी बादली कुणी तरी उचलली होती. मग तू हळूच म्हणालीस, "पण तुला माहीतच नव्हतं ना?" मी "नव्हतं गं" म्हटलं आणि फोन ठेवला.

ते उत्तर अर्धंच होतं. उरलेलं अर्धं मला तोंडानं सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

रामनवमीच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. आमच्या दवाखान्याच्या नोंदणीचं नूतनीकरण होतं. ऑफिसातली मुलगी सगळ्या सिस्टरांकडे रजिस्ट्रेशनच्या झेरॉक्स मागत फिरत होती. दुपारी घरी येऊन मी कपाटातली निळी फाइल काढली. तुझा जन्मदाखला, घराची पावती, विम्याचे कागद आणि तळाशी माझं सर्टिफिकेट. झेरॉक्सला पाठवण्याआधी सहज मुदतीच्या तारखेवर नजर गेली. आधी वाटलं, मीच साल चुकीचं वाचतेय. चष्मा पुसला. खिडकीशी जाऊन वाचलं. मग भिंतीवरच्या कालनिर्णयासमोर उभी राहून बोटांवर महिने मोजले. सात महिने अकरा दिवस.

चोवीस वर्षं मी हे काम करतेय. औषधाच्या खोक्यावरची एक्स्पायरी बघितल्याशिवाय कधी अ‍ॅम्प्यूल फोडलं नाही. क्रॅश कार्टमधली औषधं दर महिन्याला तपासायची हे आमच्या लेबर रूममध्ये मी लावलेलं वळण. आणि माझ्या स्वतःच्या नावाची मुदत सात महिने आधी संपून गेली होती.

हे कसं झालं ते आधी सांगते. तुझं रजिस्ट्रेशन आता होणार आहे, म्हणून ते तुझ्या उपयोगाचं आहे. आपल्याकडे महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, हे तुला शिकवलेलं आहेच. माझ्या बाबतीत तीन गाठी एकात एक बसल्या. पहिली नावाची. माझी नोंद माहेरच्या नावावर, आधार कार्ड सासरच्या नावावर. लग्न झालं तेव्हा नाव बदलून घ्यायचं राहिलं. मागच्या वेळी रिन्यूअलला ऑनलाइन फॉर्म भरताना दोन्ही नावं जुळेनात. तेव्हा प्रतिज्ञापत्र, लग्नाच्या नोंदणीचा दाखला असं करून ते कसंबसं निभावलं. गॅझेटमध्ये नाव बदलून घ्यायचं ठरवलं आणि ते पुढे ढकललं. दुसरी गाठ मोबाइलची. फॉर्म तुझ्या मामानं भरून दिला होता, तो संगणकाचं सगळं बघतो ना, त्यानं स्वतःचाच नंबर टाकला. मधे त्याचं सिम बदललं. परिषदेकडून काही निरोप आला असेल तर तो कुठल्या हवेत गेला, देव जाणे. तिसरी गाठ सीएनईच्या, म्हणजे नोकरीत चालू ठेवायच्या शिक्षणाच्या, तासांची. भारतीय परिचर्या परिषदेनं पाच वर्षांत दीडशे तास शिक्षण सांगितलेलं आहे. कार्यशाळा नेमक्या आमच्या गर्दीच्या दिवशी असतात. एकीला सोडलं तर दुसरीनं सोळा तास उभं राहायचं. मी इन्चार्जसमोर दोनदा अर्ज ठेवला, तिसऱ्यांदा ठेवला नाही. तास कमी पडताहेत हे डोक्याच्या मागच्या कोपऱ्यात होतं, आणि ज्याची आठवण नकोशी असते ते माणूस बरोबर विसरतं.

दवाखान्याचंही यात चुकलं, हे मी स्पष्ट लिहिते. मी कामाला लागले तेव्हा त्यांनी माझ्या सर्टिफिकेटची प्रत घेतली आणि फाइलला लावली. त्यानंतर ती फाइल कुणी उघडली नाही. गाडीच्या विम्याची तारीख ड्रायव्हरला विचारतात, लिफ्टच्या तपासणीची तारीख भिंतीवर लावतात. बायांच्या बाळंतपणाला जी उभी राहते तिच्या नोंदणीची तारीख वर्षातून एकदा बघायला काय हरकत होती? बाँबे नर्सिंग होम्स रजिस्ट्रेशन अ‍ॅक्ट १९४९ चा आहे. प्रसूतिगृहाला नोंदणी हवी तर नोंद असलेली सुईण कामावर हवी, हे त्यात तेव्हापासून आहे. म्हणजे माझी तारीख ही माझी एकटीची बाब नव्हती, दवाखान्याच्या पाटीचीही होती. पण हे सगळं म्हटलं तरी नोंद माझी होती, आणि ती सांभाळायची मलाच होती.

इथपर्यंतचं तुला फोनवर थोडंफार सांगितलं होतं. आता पुढचं.

त्या दिवशी दुपारी कळलं आणि मी ते कुणालाच सांगितलं नाही. चार दिवस. ऑफिसातल्या मुलीला म्हटलं, "कागद माहेरी राहिलाय, मागवते." आणि ठरलेल्या ड्युट्या केल्या. मनाला समजावलं की आज रात्री फॉर्म भरू, लेट फी भरू, आठ दिवसांत कागद आला की कुणाला कळायचंही नाही. माझे हात तेच, डोळे तेच, शिक्षण तेच. सात महिन्यांत कुठल्या बाळंतिणीला काही झालं का? नाही. मग चार दिवसांत काय होणार?

दुसऱ्या रात्री पारोळ्याकडची एक पोर आली. पहिलटकरीण, वीस वर्षांची असेल. सोबत सासू आणि एक दीर. नवरा सुरतेला कामाला. रात्री अकराला आली तेव्हा चार बोटं, तीनला पूर्ण. बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाला ऐकत होते, पार्टोग्राफवर रेघ नीट चढत होती. तीन चाळीसला मुलगा झाला, सत्तावीसशे ग्रॅम, लगेच रडला. बाळ झालं की मिनिटाच्या आत मांडीत ऑक्सिटोसिन दहा युनिट. हे मी किती वेळा दिलंय त्याचा हिशोब नाही, झोपेतही देईन. त्या रात्री मी त्या अ‍ॅम्प्यूलवरचं नाव तीनदा वाचलं. सोबतच्या ज्युनियर सिस्टरला म्हटलं, "तूही वाच." ती चमकून माझ्याकडे बघायला लागली. वार पडली आणि रक्त जरा जास्त जायला लागलं. पोटावर हात ठेवला, गर्भाशय मऊ लागलं, चोळायला सुरुवात केली. आधी दोन मिनिटं ते कणकेसारखं हातात मऊच राहिलं. मग हळूहळू हाताखाली घट्ट झालं, नारळासारखं. रक्त थांबलं. डॉक्टर मॅडम खाली येईपर्यंत सगळं आटोक्यात होतं.

पण ती दोन मिनिटं, पोरी. हात काम करत होते आणि डोक्यात पेशंट नव्हती. डोक्यात एवढंच होतं की आज हिला काही झालं तर कागद निघतील. मी इतकी वर्षं शेकडो बायांजवळ अशी उभी राहिले, कधी अशा वेळी स्वतःचा विचार मनात आला नव्हता. त्या रात्री आला. ती बाई सलाईन लावलेल्या हातानं माझा पदर धरून पडली होती, आणि मी माझ्याच काळजीत होते.

बाहेर सासू बाकावर बसली होती. तिनं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "बाई, तुम्ही व्हतात म्हनीसन पोर वाचनी." मला तिच्याकडे वर बघवलं नाही.

मग डिलिव्हरी रजिस्टर भरायला बसले. आईचं नाव, गाव, वेळ, वजन, बाळ रडलं की नाही, वार पूर्ण की नाही, रक्त किती. शेवटच्या रकान्यात सही आणि नोंदणीचा नंबर. सही केली. नंबराशी पेन थांबलं. तो नंबर मी माझ्या आईच्या नावाइतका पाठ म्हणते, आणि तो मला लिहवेना. रजिस्टर मिटलं. सकाळी ड्युटीचा ओव्हर देताना ज्युनियर सिस्टर म्हणाली, "सिस्टर, नंबर राहिला तुमचा." मी म्हटलं, "लिहिते." लिहिला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी इन्चार्ज सिस्टरांना कपड्यांच्या खोलीत नेऊन सांगितलं. चादरींच्या गठ्ठ्यांमध्ये उभ्या राहून आम्ही दोघी पाच मिनिटं नुसत्या एकमेकींकडे बघत होतो. मग त्या मला मॅडमकडे घेऊन गेल्या. मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी दोन प्रश्न विचारले. कधीपासून, आणि तुम्हाला कधी कळलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना माझा घसा बसला. त्या म्हणाल्या, "या क्षणापासून पेशंटला हात लावायचा नाही." लागलं मला ते. आणि ते बरोबर होतं.

पगार बंद झाला. म्हटलं स्टोअरमध्ये बसते, गॉज कापते. नको म्हणाल्या, तेही बरोबरच. अर्ज भरला, लेट फी भरली, नावाची प्रतिज्ञापत्रं पुन्हा केली. सोबत लेखी खुलासा दिला. पहिल्यांदा खुलाशात मी तोच सरकारी शब्द लिहिला होता, अनवधानाने. 'अनवधानाने नूतनीकरण करावयाचे राहून गेले.' एवढ्या एका ओळीत सगळं झाकलं जात होतं. कागद रात्रभर टेबलावर पडून होता. सकाळी फाडला आणि दुसरा लिहिला. सात महिने अनवधानाने, चार दिवस जाणूनबुजून. तुझ्या बाबांनी वाचला आणि म्हणाले, "हे दुसरं लिहायची गरज होती का?" मी म्हटलं, होती.

सीएनईचे तास भरायला दोन कार्यशाळा केल्या. त्यातली एक तुझ्या धुळ्यालाच झाली. तुला हे माहीत नाही. जळगावहून सकाळच्या एसटीनं निघाले, एरंडोल, पारोळा करत आले. संध्याकाळी सुटल्यावर देवपूरपर्यंत रिक्षा केली आणि पांझरेच्या पुलावरून परत फिरवली. तू विचारलं असतंस, आज मधल्या वारी इथे कशी काय? आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तू आलीस तेव्हा मी सांजोऱ्या तळत होते. "आई, या वर्षी तुला सुटी मिळाली!" म्हणून तू किती खूष झालीस. दरवर्षी आखाजीला माझी ड्युटी असते आणि तू झोक्यावर शेजारच्या काकूंच्या पोरींसोबत असतेस. या वेळी मी झोक्याची दोरी धरून उभी होते. तू म्हणालीस, "मुद्दाम रजा घेतलीस ना माझ्यासाठी?" आणि मी हो म्हटलं. त्या दिवशी घागर भरताना माझ्या आईची इतकी आठवण झाली. लेकीशी खोटं बोलून तिच्या नावानं पाणी वाहत होते.

घरी बसून वाचायला वेळ होता. तुझी पहिल्या वर्षाची पुस्तकं इथेच कपाटात आहेत, ती काढली. नर्सिंगच्या इतिहासाचा तो धडा आपण दोघींनीही परीक्षेपुरता पाठ केला, नीट वाचला मात्र कधीच नाही. बघ, आपल्या नावाची नोंद होणं ही गोष्ट कुणी आयती दिलेली नाही. न्यूझीलंडनं १९०१ मध्ये कायदा केला आणि १९०२ च्या जानेवारीत एलन डोहर्टी या बाईंचं नाव नोंदवहीत पहिलं लागलं. इंग्लंडमध्ये एथेल गॉर्डन फेनविक या मेट्रनबाई १८८७ पासून त्यासाठी भांडत होत्या. कायदा झाला १९१९ मध्ये. बत्तीस वर्षं. नोंदवही उघडली तेव्हा पहिलं नाव त्यांचंच होतं. आपल्याकडे मद्रासनं १९२६ मध्ये नोंदणी परिषद केली, मुंबई इलाख्यात १९३५ मध्ये कायदा आला. आज आपण ज्याच्याखाली आहोत तो महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ चा. २०२३ मध्ये संसदेनं राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा केला. त्यात राज्याच्या नोंदवहीसोबत साऱ्या देशाची एक नोंदवही ठेवायची आहे.

यातली एक गोष्ट मला रात्रभर छळत राहिली. फेनविकबाईंच्या मागणीला ज्यांनी जोरानं विरोध केला, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. आपण दिवे लावून ज्यांच्या नावानं शपथ घेतो त्या. (शपथही त्यांनी लिहिलेली नाही, ती १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला लिहिली गेली.) त्यांचं म्हणणं असं, की परीक्षा घेऊन यादीत नाव घातल्यानं चांगली नर्स होत नाही. चांगुलपणा, शिस्त, स्वभाव यादीत मावत नाही. वाचताना पहिल्यांदा मला फार बरं वाटलं. त्या चार दिवसांत मी मनाला हेच तर सांगत होते! हात तेच आहेत, कागदाचं काय एवढं.

आणि मग मला आपल्या तालुक्याच्या गावांतले छोटे दवाखाने आठवले. दहावी झालेली पोर सहा महिन्यांत इंजेक्शन द्यायला शिकते, पांढरा कोट घालते आणि लोक तिला सिस्टर म्हणतात. तिचेही हात बसलेले असतात. ती म्हणते, मला सगळं येतं, कागदाचं काय एवढं. अशा पोरींवर मी किती चिडलेय तू ऐकलंयस. त्यांच्या मालकांवर त्याहून जास्त. पारोळ्याच्या त्या पोरीला रात्री तीन वाजता आम्हा दोघींतला फरक कशावरून कळणार होता? कपडे तेच, सिस्टर ही हाक तीच. तिनं माझी परीक्षा घ्यायची होती का कळा देता देता? तिच्या वतीनं कुणी तरी आधीच बघून ठेवावं आणि दर पाच वर्षांनी पुन्हा बघावं, एवढ्यासाठीच ती नोंदवही आहे. नाइटिंगेलबाईंबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. या बाबतीत मात्र मी फेनविकबाईंच्या बाजूची आहे, आणि ते मला चोवीस वर्षं काम करून, पगार बंद झाल्यावर कळलं.

पाचव्या आठवड्यात रिन्यूअल आलं. पहिल्या दिवशी ड्युटीवर गेले तेव्हा इन्चार्जना म्हटलं, त्या रात्रीच्या ओळीत नंबर राहिलाय, आता लिहू का? त्या म्हणाल्या, "मागची नोंद हाताळायची नाही, हे तुम्हीच सगळ्यांना शिकवता ना?" बरोबर. ती ओळ तशीच आहे. सही आहे आणि नंबराची जागा कोरी. माझा खुलासा वेगळा फाइलला लावलाय.

हे पत्र तुझ्याशी बोलून मगच छापायला देणार आहे. माझं कळल्यावर आमच्यातल्या तिघींनी घरी जाऊन आपापले कागद काढले. एकीचे दोन महिने उरले होते. एकीचं नाव माझ्यासारखंच माहेरचं. तिसरीचं सर्टिफिकेट सासूच्या ट्रंकेत, आणि ट्रंकेची किल्ली दिराकडे. तिघीही आईबाप, सासर, पोरं, रात्रपाळ्या सांभाळणाऱ्या शहाण्या बाया आहेत. त्यांच्यासारख्या आणखी असतील. त्यांतल्या एखादीला तारीख आधीच गेलेली सापडेल. तिला मला एवढंच सांगायचंय, की बाई, ज्या दिवशी कळेल त्याच दिवशी इन्चार्जला गाठ. पगार जाईल, चार लोक बोलतील, मी त्यातून गेलेय. पण नंबर न लिहिता सही करण्याची ती रात्र तुझ्या वाट्याला नको.

तू मला विचारलंस ना, "पण तुला माहीत नव्हतं ना?" सात महिने नव्हतं. चार दिवस होतं. आता तुला पूर्ण उत्तर मिळालं. तुला राग येईल, तो येऊ दे. आखाजीला खोटं बोलल्याचा जास्त येईल असं मला वाटतं.

परीक्षा झाली की रजिस्ट्रेशनचा अर्ज भरशील. नाव दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे अगदी तसंच घाल, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोनदा तपास. मामा म्हणेल, मी भरून देतो. त्याला शेजारी बसव, पण भर तू. आणि मोबाइल नंबर तुझाच दे.

तुझी,
आई